काचेवरचा हिरवा ठिपका

१

फारुश्का मेली तेव्हा तिच्या फुफ्फुसांत बोट टेकवायला मोकळी जागा उरली नव्हती. पांढऱ्या गाठीच गाठी, काही वाटाण्याएवढ्या, काही अक्रोडाएवढ्या. लांडग्यांना पळवून लावणारी ती साठ किलोची राखणीची कुत्री म्हाताऱ्या अदेरितोने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर घालून ब्रागान्साला किन्तानिल्या प्रयोगशाळेच्या दारात आणली. त्याने एकच विचारलं, "मार्चमध्ये तुम्हीच लिहून दिलं होतं ना, गाठ साधी आहे म्हणून?"

लिहून दिलं होतं खरं. त्या अहवालाखाली डॉक्टर बेनेदिता सार्मेन्तोची सही होती.

ही ऑक्टोबरातली गोष्ट. चार आठवड्यांनी, बुधवारी सकाळी, हीच बेनेदिता झुल्मिराबाईच्या स्वयंपाकघरात बसली होती. झुल्मिरा त्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं मांसाचे तुकडे मेणात बसवून, पातळ कापून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांवर चढवत होती, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. सां मार्तिन्योचा सण तोंडावर होता, म्हणून ती भाजायच्या चेस्टनटांना चिरा देत होती. तिचा चाकू काही थांबला नाही.

"सोमवारी पोर्तोला पशुवैद्यक परिषदेपुढे सुनावणी आहे," बेनेदिता म्हणाली. "माझा परवाना जाणार. बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी पट्टी पाहिली. दोघंही म्हणतात, कॅन्सर आहे, शिकाऊ पोरालाही दिसेल इतका उघड आहे."

"आणि तुम्हाला दिसला नाही?"

"त्या पट्टीवर नव्हताच, बाई! मी पाहिली तिच्यात कूर्चा होती, कोवळ्या हाडाची निळसर बेटं. कुत्रीच्या साध्या गाठीत असतात तशी. अहवालात मी तेच लिहिलंय. आता पेटीत त्याच क्रमांकाची पट्टी आहे, आणि तिच्यात कूर्चेचा कणही नाही."

"मग परिषद काय म्हणते?"

"म्हणते, बाईंनी पट्टी न बघताच जुना मजकूर चिकटवला." बेनेदिताचे डोळे भरून आले. "मी आळशी असेन, फटकळ असेन, पण न बघता सही करणारी नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

झुल्मिराला ठाऊक होतं. या पोरीने तिला सतरा वेळा पट्ट्या परत पाठवल्या होत्या, एकदा तर नुसत्या सुरकुतीसाठी. तेव्हा तिचा राग यायचा. आज त्याच रागाची साक्ष उपयोगी पडणार होती.

"कोट द्या माझा तिथला," झुल्मिरा उठली. "काच खोटं बोलत नाही. काचेला बोलायला लावणारी माणसं खोटं बोलतात."

२

प्रयोगशाळेचे मालक डॉक्टर एवारिस्तो किन्तानिल्या मान जराशी तिरकी करून माणसाकडे बघत. गावात म्हणत, म्हातारा सगळ्यांना कोपऱ्यातूनच बघतो, मिजासखोर आहे. झुल्मिरासाठी मात्र ते खुर्चीवरून उठले.

"ये, ये. तुझ्यापासून काय लपवायचं? बघ हवं तेवढं." पट्ट्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात असे. त्यांनी ती काढून दिली. "मलाही वाईट वाटतं गं. लेकीसारखी आहे ती मला. पण चूक ती चूक."

झुल्मिरा सूक्ष्मदर्शकाशी बसली. ती डॉक्टर नव्हती, पण चाळीस वर्षं आचाऱ्याच्या शेजारी उभं राहिलेल्याला मीठ कमी पडलं तर कळतंच. साध्या गाठीत नळ्यांभोवती पेशींचे दोन थर असतात, आतला आणि बाहेरचा, शिस्तीत उभे. इथे शिस्तच नव्हती. पेशींची केंद्रं लहानमोठी, वेडीवाकडी, जागोजाग दुभंगणारी. आणि एका पातळ भिंतीच्या लसीकावाहिनीत पेशींचा एक पुंजका अडकलेला. फुफ्फुसाकडे निघालेली टोळीच ती. तज्ज्ञांचं बरोबर होतं.

पण तज्ज्ञांनी फक्त गाठ पाहिली. झुल्मिराने पट्टी पाहिली.

पहिली गोष्ट, रक्त असलेल्या जागी काळपट-तपकिरी भुकटी पसरली होती. मांस जुन्या फॉर्मालिनमध्ये महिनोन्महिने पडून राहिलं की अशी भुकटी साठते. फारुश्काचं मांस मंगळवारी आलं आणि गुरुवारी कापलं गेलं, असं नोंदवहीत होतं. दोन दिवसांत अशी भुकटी धरत नाही.

दुसरी गोष्ट काचेच्या टोकाला होती. गाठीपासून दूर, तिळाएवढा एक तुकडा एकटाच पडला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मांसाचा. तिने भिंग वाढवलं. त्या तुकड्यातल्या रक्तपेशी लांबट होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात एक केंद्र होतं. कुत्र्याच्या, मेंढीच्या, माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्र नसतं. पक्ष्याच्या पेशीत असतं.

कुत्रीच्या पट्टीवर पक्षी?

तिने पट्टी उचलून खिडकीशी धरली, आणि तिसरी गोष्ट दिसली. झाकणाच्या पातळ काचेच्या कडेशी, डिंकात अडकलेली हिरव्या शाईची बारीकशी रेघ. वरून कुणीतरी स्पिरिटने पुसलं होतं, पण कडेला उरलंच होतं.

ती शाई झुल्मिराच्या ओळखीची होती. त्या रेघेबद्दल ती बेनेदिताशी एक शब्दही बोलली नाही.

३

तिच्या जागेवर आता लुदोविनो बसे. चाळिशीला टेकलेला, हाताने हुशार, जिभेने त्याहून हुशार. मेणाच्या ठोकळ्यातून रेशमासारख्या फिती कापायच्या, त्या कोमट पाण्याच्या तसराळ्यावर सोडायच्या आणि काचेवर उचलायच्या, हे त्याचं काम. एक ठोकळा झाला की टिपकागदाने पाणी साफ करायचं असतं. नाहीतर आधीच्या मांसाचा कण तरंगत राहतो आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो.

झुल्मिराने तसराळ्यात डोकावून बघितलं. "पाणी कधी साफ करतोस रे?"

"प्रत्येक ठोकळ्यानंतर."

"हो का? आणि मी रोज पोपकडे जेवायला जाते."

"बाई, मी फक्त कापतो. ठोकळा कुणाचा, कधीचा, कुणी दिला, ते मला नका विचारू."

"मी कुठं विचारलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. लुदोविनोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बरं, दुसरंच विचारते. यंदा पक्षी कापलेस का?"

"तित्तर. त्या शिकारीच्या रानात पटापट मेले तेव्हा. एकदाच." तो सवयीने बोलून गेला, आणि मग त्याचा हात यंत्रावर थांबला.

"कधी?"

"आठवत नाही."

"वहीला आठवत असेल."

वहीला आठवत होतं. बेनेदिता बोट ठेवून पानं उलटत गेली, जानेवारीपासून. कुत्री, मांजरं, गाई, एक गाढव. वर्षभरात पक्षी एकदाच आले होते, सहा तित्तर, आणि ते कापले चौदा ऑक्टोबरला.

"म्हणजे मार्चच्या क्रमांकाची ही पट्टी चौदा ऑक्टोबरला कापली," बेनेदिता हळूच म्हणाली. "त्याच पाण्यात. त्या आठवड्यात मी नव्हते. आईचं खुब्याचं ऑपरेशन होतं."

"आणि फारुश्काला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता."

"पण मांस फारुश्काचंच असेल तर ते मला मार्चमध्ये का दिसलं नाही? आणि दुसऱ्याच कुत्रीचं असेल, तर फारुश्काच्या फुफ्फुसात आलं कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत कुणी देणार नव्हतं. झुल्मिराने गाडीची किल्ली मागितली.

४

अदेरितोकाकांचा मेंढ्यांचा वाडगा डोंगराच्या कुशीत होता. फारुश्कानंतर लांडग्यांनी सात मेंढ्या नेल्या होत्या. दारातच तिचा गळ्यातला खिळ्यांचा पट्टा अडकवलेला होता, तो त्यांनी काढला नव्हता. म्हाताऱ्याचा एक डोळा मोतीबिंदूने दुधासारखा झाला होता आणि दुसराही त्याच वाटेवर होता. ते एका गाभण मेंढीला गुडघ्यांत धरून तिचं पोट चाचपत बसले होते, तोंड भलतीकडेच.

"कोण? बेनेदिताबाई का? आवाजावरून ओळखलं. या. मी तुमच्यावर थुंकणार होतो, पण थंडी फार आहे."

"थुंका, काका," बेनेदिता म्हणाली. "पण आधी ऐका."

"कुत्रीचं पुन्हा सगळं सांगा," झुल्मिरा म्हणाली. "गाठ होती कुठे? केवढी?"

"कुठली गाठ?"

"म्हणजे?"

"दोन होत्या ना! मागच्या थानाशी एक, लिंबाएवढी, दगडासारखी कडक. ती तर आंधळ्यालाही दिसली असती. आणि तिच्या पुढच्या थानात आणखी एक, वाटाण्याएवढी, खोल. ती बघून कळायची नाही." त्यांनी मेंढीच्या सडावर अंगठा फिरवून दाखवला. "असं करावं लागतं. मला मिळाली. मी सर्जनला सांगितलं, तो म्हणाला, काका, मी डाव्या बाजूची थानांची अख्खी माळच काढतोय, दोन्ही जातील, आणि प्रयोगशाळावाले सगळी चाचपून बघतात."

"दोन होत्या?" बेनेदिता म्हणाली.

एकाच कुत्रीच्या पोटावर चार गाठी असतील तर चारही चार जातींच्या असू शकतात. एक साधी, शेजारची जीवघेणी. म्हणून आलेली माळ टेबलावर पसरायची, इंच इंच दाबून बघायची, आणि सापडेल त्या प्रत्येक गाठीचा तुकडा घ्यायचा. हा तिथला पहिला धडा. बेनेदिताकडे मार्चमध्ये एकाच गाठीची पट्टी आली होती. लिंबाएवढीची. कूर्चा असलेल्या साध्या गाठीची.

"मी बरोबर होते," ती म्हणाली. "मला दिलं ते मी बरोबर वाचलं. दुसरी मला कुणी दिलीच नाही."

"मार्चमध्ये तुकडे कुणी घेतले?" झुल्मिराने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"डॉक्टर एवारिस्तोंनी. तुकडे तेच घेतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

म्हाताऱ्याने मेंढी सोडून दिली. "म्हणजे माझी कुत्री वाटाण्याने मेली, आणि तो वाटाणा माझ्या हाताला लागला होता," ते म्हणाले.

५

डॉक्टर एवारिस्तोंचा एक जुना शिरस्ता होता. कुत्रींच्या स्तनांचं उरलेलं मांस ते वर्षभर फेकू देत नसत. विद्यार्थ्यांना दाखवायला तळघरात फळ्यांवर क्रमाने बरण्या लावून ठेवत. गुरुवारी झुल्मिरा दिवा घेऊन खाली उतरली. मार्चच्या फळीवर एकतीस बरण्या होत्या. मध्ये, धुळीत, एका बुडाएवढा स्वच्छ गोल. फारुश्काच्या क्रमांकाची जागा तेवढी पडलेल्या दातासारखी रिकामी होती.

मागे पायऱ्यांवर लुदोविनो उभा होता.

"मला दोन मुली आहेत, बाई," तो म्हणाला.

"मी काय विचारलं तुला?"

"विचारायच्या आधीच सांगतो. कुत्री उघडून झाली तसे साहेब खाली आले. ही बरणी काढली, मांस हातात घेतलं आणि डोळे मिटून बोटं फिरवत बसले. बराच वेळ. मग त्यांनी त्यातून एक तुकडा कापला आणि मला म्हणाले, जुना ठोकळा खराब झालाय, हा त्याच क्रमांकाने बसव. मी बसवला, कापला. जुना ठोकळा आणि जुनी पट्टी त्यांनी नेली."

"आणि ठिपका?"

लुदोविनोने तिच्याकडे नवलाने बघितलं. "तो तर तुम्हीच शिकवलात की. निवृत्त होताना म्हणालात, साहेबांकडे पट्टी जाईल तेव्हा बघण्यासारख्या जागेशी हिरवा ठिपका द्यायचा, आणि का ते विचारायचं नाही. बेनेदिताबाईंना ठिपका चालत नाही, त्यांना द्यायचा नाही. मी दिला. साहेबांनी बघितलं, हो म्हणाले. मग पुसायला सांगितलं."

झुल्मिरा फळीला टेकली. सगळा हिशेब जुळला होता, आणि त्यात तिचं स्वतःचंही नाव निघालं होतं.

६

शुक्रवारी दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. साहेब म्हणायची तिची चाळीस वर्षांची सवय, ती काही सुटली नाही.

"साहेब, पट्टीवर तित्तराचं रक्त आहे. म्हणजे ती चौदा ऑक्टोबरला कापली. मांसात फॉर्मालिनची भुकटी आहे, म्हणजे ते सात महिने बरणीत होतं. बरणी गायब आहे. अदेरितोकाका दोन गाठी सांगतात, मार्चच्या अहवालात एकच आहे. तुकडा घेताना तुमची दुसरी गाठ राहिली. कुत्री मेल्यावर ती तुम्हाला सापडली. मग तिची पट्टी करून पहिलीच्या जागी ठेवलीत. म्हणजे चूक तुकडा घेणाऱ्याची न राहता वाचणाऱ्याची झाली."

डॉक्टरांनी मान तिरकी केली. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघायचं तर त्यांना तिच्या कानाकडे बघावं लागे. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग होता, वर्षागणिक वाढणारा. गावाला जी मिजास वाटे ती ही होती.

"हे कुणीही केलेलं असू शकतं," ते म्हणाले. "लुदोविनोने, आपलं पाणी गढूळ म्हणून."

"पट्टीवर हिरवा ठिपका होता. हिरवा ठिपका या जगात एकाच माणसासाठी देतात."

खाली रस्त्यावर कुणीतरी चेस्टनट भाजत होतं, त्याचा धूर खिडकीपर्यंत येत होता.

"किती वर्षं दिलेस गं ते ठिपके?" डॉक्टर अखेर म्हणाले.

"सहा."

"मी कधी मागितले होते?"

"नाही."

"मी कधी नको म्हणालो?"

"नाही."

"मग सोमवारी तेही सांगावं लागेल तुला. सहा वर्षं एक कारागीर बाई आंधळ्या डॉक्टरला बोट धरून नेत होती. तू जिथे ठिपका द्यायला विसरलीस, तिथे मी काय काय विसरलो असेन? कुणाकुणाची कुत्री? झाकली मूठ आहे, झुल्मिरा. तुझीही आणि माझीही."

हा वार तिला बसला. कालची अख्खी रात्र ती हेच मोजत होती. ती त्याला माया समजत होती. थोर माणूस आहे, चार दिवस सांभाळून घ्यावं, असं तिला वाटायचं. पण ठिपका दिला की त्याच्या आजूबाजूचं कुणी बघत नाही, हे तिने स्वतःलाच कधी सांगितलं नव्हतं.

"सांगेन," ती म्हणाली. "त्या पोरीचा परवाना माझ्या मुठीत नाही झाकायचा." दाराशी ती थांबली. "एक सांगा. ऑक्टोबरात तुम्हाला ती गाठ बोटांनी सापडली. मार्चमध्ये का नाही? डोळे तेव्हाही तेच होते, बोटंही तीच."

डॉक्टर एवारिस्तोंनी टेबलावर हात पसरले आणि त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे हातांच्या जरा बाजूला पाहिलं.

"आंधळ्यासारखं चाचपावं लागलं असतं," ते म्हणाले. "समोर लुदोविनो उभा होता. दोन विद्यार्थीही होते. मी डोळस माणसासारखा झटकन चाकू चालवला."

७

सोमवारी पोर्तोला परिषदेसमोर झुल्मिराने सगळं सांगितलं. पहिल्याच वाक्यात ठिपक्यांचं सांगितलं, नाहीतर पुढे धीर झाला नसता. लुदोविनोने मान खाली घालून तिच्या शब्दाला शब्द जोडला. डॉक्टर एवारिस्तो आले नाहीत, त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं. बेनेदितावरचा आरोप काढून टाकला गेला. गेल्या आठ वर्षांत डॉक्टरांच्या सहीने गेलेल्या सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासायचं ठरलं. त्या चार हजारांवर होत्या, आणि बऱ्याचशा कुत्र्या आता तपासण्यापलीकडे गेल्या होत्या.

बाहेर बेनेदिताने झुल्मिराचा हात हातात घेतला, मग सोडला. "उपकार झाले, बाई," ती म्हणाली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं आणि ते चांगलं नव्हतं. ते न म्हणताच ती गाडीकडे गेली. झुल्मिराला तिचा राग आला नाही.

अदेरितोकाका लग्नातला काळा कोट घालून आले होते. पायरी कुठे संपते ते बुटाने चाचपत ते खाली उतरले.

"झुल्मिराबाई, ते डॉक्टरांचं काय म्हणालात आत? लोक बघत होते म्हणून?"

"हो, काका. चारचौघांत चाचपायची लाज वाटली."

अदेरितोकाकांनी आपला जाडजूड, भेगाळलेला हात पुढे केला, तिची बाही शोधली आणि धरली.

"जरा धरून न्या मला बसपर्यंत," ते म्हणाले. "मला दिसत नाही."